मुलगी आखूड नाही, सायकल लांब आहे

दापोली तालुक्यात, त्यातही आमच्या मोहल्ल्यांत, मुली सायकलने शाळेत का येत नाहीत, या प्रश्नाची तीन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं उत्तर बाहेरचे लोक देतात : मुसलमानांत मुलींना सायकल चालवू देत नाहीत. दुसरं आतले लोक देतात : मुलीच्या जातीला ते शोभत नाही. तिसरं दोन्हीकडचे मिळून देतात : इथे चढउतार फार, मुलींना झेपत नाही. या तिन्ही उत्तरांवर भाषणं होतात, वाद होतात, कधी कधी घराघरांत भांडणंही होतात. पण एक साधी गोष्ट कुणी बघत नाही. ज्या मुलींना घरच्यांनी सायकल घेऊन दिली, परवानगी दिली, बिस्मिल्ला म्हणून घराबाहेर काढलं, त्यांतल्या कित्येक जणी दोन-तीन महिन्यांत सायकल सोडून देतात. त्यांना कुणी अडवलेलं नसतं. त्यांची सायकल त्यांना लांब पडत असते.

लांब पडते म्हणजे काय, ते आधी सांगते. सीटवर बसल्यावर हँडल धरायला हात ताणावे लागतात. कोपरं ताठ होतात, खांदे कानांकडे चढतात, रस्ता दिसावा म्हणून मान मागे मोडते. मुलगी नकळत सीटच्या टोकावर सरकून बसते. अंगाचं वजन बुडाऐवजी तळहातांवर येतं आणि दीड-दोन किलोमीटरमध्ये बोटांना मुंग्या येतात. वळणावर हँडल फिरलं की बाहेरच्या बाजूची मूठ आणखी लांब जाते आणि हात सुटल्यासारखा होतो. ब्रेकचा लिव्हर बोटांच्या टोकांना कसाबसा लागतो. मग मुलगी घरी येऊन सांगते की मान दुखते, हात दुखतात, उतारावर भीती वाटते. घरचे त्यातून अर्थ काढतात की हिला जमत नाही. ती स्वतःही तेच म्हणायला लागते. सायकल पडवीत उभी राहते, पावसाळ्यात चेन गंजते, आणि पुढच्या वर्षी भंगारवाला आला की विषय संपतो.

तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या अंगाला न बसणारी वस्तू द्यायची, आणि ती वापरता आली नाही की दोष तिच्या अंगाला, हिमतीला, नाहीतर तिच्या धर्माला द्यायचा, हा अन्याय आहे. तो दूर करायला फार काही लागत नाही. एक पाना, एक ॲलन कीचा संच, फार तर काहीशे रुपयांचा एक सुटा भाग आणि अर्धा तास पुरतो. एवढं सोपं असूनही आपण ते करत नाही, म्हणून मला राग येतो.

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईने पान्या-स्क्रूच्या गोष्टी का कराव्यात, असं कुणी विचारेल. कारण सकाळची हजेरी मी घेते. गैरहजर नावांपुढची गावं आणि वाड्या मला पाठ आहेत. तीन-चार किलोमीटरवरच्या वाडीतून येणाऱ्या मुलीचं शिक्षण एका एसटीच्या फेरीवर टांगलेलं असतं. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पास असला म्हणून गाडी येतेच असं नाही. २०२१च्या दिवाळीपासून पुढचे पाच-सहा महिने एसटीचा संप चालला, तेव्हा हे सगळ्यांना दिसलं. ज्या घरात दुचाकी होती आणि सोडायला माणूस होता, त्या घरातली मुलगी शाळेत आली. बाकीच्या घरी बसल्या. ज्यांच्या पडव्यांत सायकली होत्या, त्यांतल्याही कितीतरी बसल्या.

सायकलीने मुलींच्या तालमीत खरंच फरक पडतो का, याचं उत्तर आता अंदाजाने द्यायची गरज उरलेली नाही. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला. त्यांना असं आढळलं की माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगे-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. हा फरक प्रामुख्याने त्या गावांत पडला जिथून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती. आमच्या वाड्यांची अंतरं आठवून पाहा. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. इतर ठिकाणी कधी जिल्हा परिषद, कधी एखादी संस्था, कधी आखातातून सुट्टीवर आलेला दिलदार माणूस सायकली वाटतो. या वाटपाचे फोटो पेपरात येतात. त्या फोटोंत मुली सायकलीच्या बाजूला हँडल धरून उभ्या असतात आणि मागे पाहुणे. सीटवर बसलेली मुलगी त्या फोटोत नसते. ती बसली असती तर निदान कुणाच्या तरी लक्षात आलं असतं की तिचे हात पोचत नाहीत.

ही लांब सायकल घरात येते कशी? आमच्याकडे तिच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट भावाची. बाप कुवेतहून, मस्कतहून येतो, मुलाला गिअरची सायकल घेतो. मुलगा दहावी झाला, बाइकवर गेला की ती सायकल बहिणीला मिळते. भाऊ तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच असतो. दुसरी वाट काटकसरीची : वाढतं अंग आहे, मोठीच घ्या, चार वर्षं चालेल. वाढत्या अंगाचा गणवेश सैल झाला तर बाही दुमडता येते. लांब सायकल तशी दुमडता येत नाही. ती रोज शरीर ओढते, आणि ज्या चार वर्षांचा हिशेब आपण केला त्यातली पहिली दोन वर्षं ती वापरलीच जात नाही. मग काटकसर कसली झाली?

तिसरी वाट दुकानातल्या मापाची. सायकल इंचांत विकली जाते : चोवीस, सव्वीस, साडेसत्तावीस. गिऱ्हाइकाला वाटतं हे सायकलचं माप आहे. ते चाकाचं माप आहे. सव्वीस इंची चाकांच्या दोन सायकली शेजारी उभ्या करा, एकीची सीट ते हँडल लांबी दुसरीपेक्षा पाच-सात सेंटिमीटरनी जास्त निघू शकते, कारण फ्रेम वेगळी, हँडल वेगळं, हँडल पकडणारा तुकडा वेगळा. मुलीचे पाय जमिनीला टेकले की दुकानदार म्हणतो बरोबर आहे, बाप म्हणतो बरोबर आहे. पायांचं माप झालं. हातांचं कुणी विचारलंच नाही.

ईदच्या आधी याच मुलीला आपण दर्जीकडे नेतो. तो खांदा मापतो, बाही मापतो, छाती मापतो, आणि अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर अम्मी कपडा परत पाठवते. तो जोडा मुलगी वर्षातून पाच-सहा वेळा घालणार असते. ज्या सायकलवर ती रोज सहा किलोमीटर जाणार, जिच्यावर घाट उतरणार, तिचं माप घ्यायला टेप काढणारा एकही माणूस मोहल्ल्यात सापडत नाही.

यावर वडीलधाऱ्यांचं एक उत्तर हमखास येतं. आम्ही नाही का शिकलो? बाबांची ती काळी मोठी सायकल, नळीखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर, गुडघे फोडून! शिकलात, त्याबद्दल आदरच आहे. पण हा किस्सा सांगणारे कोण आहेत ते पाहा. जे शिकले तेच सांगतात. जे पडले, घाबरले आणि परत कधी सायकलला हात लावला नाही, ते कोणत्या मैफलीत किस्सा सांगणार? आणि सांगणारे बहुतेक सगळे पुरुष असतात. तुमच्या बरोबरीच्या बहिणींनी सलवार सावरत त्या नळीखालून पाय घालायचा होता काय? गुडघे फुटणं हा शिकण्याचा भाग आहे असं मुलग्याला सांगतात. मुलीचा गुडघा फुटला की त्याच दिवशी सायकल बंद होते. मुलीला पडायची मुभा आपण मुळातच कमी दिलेली आहे, म्हणून तिची सायकल अधिक नेमकी बसायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू लोक घेतात, आणि तो वजनदार आहे. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांनी सायकल शिकायची चळवळ झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला बळ दिलं, पत्रकार पी. साईनाथ यांनी तिच्यावर लिहिलं. लाखभर ग्रामीण बायका सायकल चालवायला लागल्या. त्यांत मुसलमान तरुणी होत्या, शेतमजूर होत्या, खाणीत काम करणाऱ्या होत्या. आणि लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या; पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त पसंत पडल्या. मग त्या बायकांना जमलं आणि आमच्या मुलींना मापं हवीत?

त्या बायकांच्या हिमतीला सलाम. पण ती जुनी काळी सायकल डोळ्यांपुढे आणा. फ्रेम उंच, सीट उंच, पण हँडल? त्याच्या दोन्ही मुठी वळून मागे, चालवणाऱ्याकडे आलेल्या असतात. माणूस त्या सायकलवर खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो आणि मुठी हाताशी येतात. म्हणजे ती सायकल उंच होती, पण हातांना लांब नव्हती. आज आमच्या मुलांना जी आवडते, ती डोंगरी सायकलसारखी दिसणारी, जाड टायरची, सरळ दांडक्यासारख्या हँडलची. तिच्यात मुठी मागे येत नाहीत, उलट पुढच्या तुकड्यामुळे आणखी पुढे जातात. मोठ्या माणसाला खाली वाकून जोर लावता यावा म्हणून काढलेली ती बैठक आपण आठवीतल्या मुलीला दप्तरासकट देतो. पुदुकोट्टईचा दाखला द्यायचा तर त्या हँडलसकट द्या.

ही अडचण एकट्या मुलींचीही नाही. अमेरिकेच्या हवाई दलाला एकेकाळी प्रश्न पडला होता की चांगले वैमानिक विमानं आवरू का शकत नाहीत. १९५० मध्ये चार हजारांहून अधिक वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने दहा मापं निवडली आणि या सगळ्या मापांत सरासरीच्या जवळ बसणारे वैमानिक किती ते मोजलं. एकही निघाला नाही. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाचं उलट. सरासरी माणसासाठी बनवलेली खुर्ची प्रत्यक्षात कुणासाठीच बनलेली नव्हती. त्यातून पुढे सीट आणि पायडल मागे-पुढे करता येण्याची सोय आली. लष्करी वैमानिकांना कुणी सांगितलं नाही की बाळ, जरा हात लांब कर. यंत्र माणसाजवळ आणलं. भारतातल्या प्रौढ बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आणि पुरुषाची १६५ च्या आसपास आहे. सायकल पुरुषाच्या अंगावर बेतायची आणि तेरा सेंटिमीटरचा फरक मुलीने हात ताणून भरून काढायचा, हा कुठला न्याय?

आता करायचं काय ते सांगते, कारण नुसतं रागावून मुलीची मान बरी होत नाही.

सुरुवात सीटच्या उंचीपासून करायची. मुलीला सीटवर बसवा, कुणीतरी सायकल धरा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक येतो. नवशिकी मुलगी असेल तर पहिले काही दिवस सीट थोडी खाली ठेवा, पाय टेकण्याचा धीर राहतो. नंतर सीट मागे-पुढे. पायडल पुढे, जमिनीला समांतर असताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूने दोऱ्याला बांधलेला नट खाली सोडला, तर तो साधारण पायडलच्या मधल्या आसावर यावा. सीट मागे-पुढे सरकवायची ती एवढ्याच कामासाठी.

इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त चूक होते. हात पोचत नाहीत म्हटलं की कारागीर सीटचा नट सैल करतो, सीट पुढे ढकलतो आणि म्हणतो, झालं. त्याने हात पोचतात, पण गुडघे पायडलच्या फार पुढे जातात, वजन आणखी तळहातांवर येतं आणि चढावर पायांतला जोर कमी होतो. लांबीचं दुखणं हातांतून काढून गुडघ्यांत घातलं, एवढंच घडतं. सीट पायांच्या हिशेबाने लावायची. हातांचा प्रश्न हँडलकडे सोडवायचा.

हँडलकडे चार उपाय आहेत, स्वस्तापासून सुरुवात करा. एक, हँडलला बाक असेल तर ते पकडणारे बोल्ट सैल करून हँडल थोडं फिरवा. मुठी जवळ येतात. दोन, जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलचा उभा दांडा पुढच्या नळीत उतरलेला असतो. वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका दिला की आतली पाचर सुटते आणि दांडा वर घेता येतो. ती नळी मागे झुकलेली असल्यामुळे दांडा तीन सेंटिमीटर वर घेतला की हँडल साधारण एक सेंटिमीटर मागेही येतं, शिवाय मुलीला कमी वाकावं लागतं. पण दांड्यावर एक खूण असते, ती नळीच्या वर दिसता कामा नये. त्याहून वर काढला तर दांडा निखळू शकतो. ब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, तेही बघा.

तिसरा उपाय खरा. हँडल ज्या आडव्या तुकड्यात पकडलेलं असतं त्याला दुकानात स्टेम म्हणतात. सरळ हँडलच्या सायकलीत तो बहुधा आठ-दहा सेंटिमीटरचा असतो. पाच-सहा सेंटिमीटरचा मिळतो. वर-खाली कोन बदलता येणाराही मिळतो. तो बदलला की हँडल तीन-चार सेंटिमीटर जवळ येतं. ऐकायला हे थोडं वाटतं. बसून बघा, एका सेंटिमीटरचा फरकही हातांना कळतो. घेताना दांड्याची आणि हँडलची जाडी जुळते का ते पाहून घ्या, जुना तुकडा सोबत न्या. आखूड स्टेमने हँडल जरा चटकन वळतं, म्हणून पहिला दिवस मैदानात. काम झाल्यावर पुढचं चाक आपल्या दोन गुडघ्यांत धरून हँडल जोराने फिरवून बघा. चाकाशिवाय हँडल हललं तर बोल्ट अजून घट्ट व्हायचे आहेत.

चौथी गोष्ट ब्रेकची, आणि तिला एक पैसाही लागत नाही. बहुतेक ब्रेक लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर मुठीच्या जवळ येतो. लहान बोटांची मुलगी ज्या लिव्हरपर्यंत पोचत नाही, तो दोन मिनिटांत तिच्या हातात येतो. लिव्हर जवळ आणल्यावर तो दाबला असता मुठीला टेकत नाही ना, एवढं तपासायचं. टेकला तर तार ओढून घ्यायची.

सगळं करून परीक्षा अशी : मुलगी सीटवर बसल्यावर कोपरं सैल आणि किंचित वाकलेली असावीत. हँडल एका बाजूला वळवलं तरी बाहेरचा हात सुटू नये. मूठ न सोडता दोन बोटं ब्रेकवर पोचावीत. आणि गुडघे हँडलला लागू नयेत. लागले तर आपण जरा जास्तच जवळ आणलंय. एवढं करूनही हात ताणलेलेच राहिले, तर फ्रेमच मोठी आहे. ती सायकल उंच मुलीला द्या, आणि हिला हिच्या मापाची आणा. बदलून घ्यायला वेळ लागेल, पण निदान दोष कुणाचा ते तरी ठरेल.

चढाचं काय? दापोली उंचावर, गावं खाली समुद्राकाठी. हर्णैकडे उतरा, बुरोंडीकडे उतरा, की परत चढायचंच. हे खरं आहे आणि काही रस्ते सायकलने रोज शक्य नाहीत, तेही खरं. पण चढ-उतार हे लांब सायकल चालवून घ्यायचं कारण होऊ शकत नाही, ते नेमकं उलटं कारण आहे. सपाट रस्त्यावर न बसणारी सायकल नुसती त्रास देते. घाटात उतरताना वजन पुढे येतं, वळणं बसतात, ब्रेक सतत धरावा लागतो. तिथे ताठ कोपरं आणि बोटांच्या टोकांवरचा ब्रेक म्हणजे धोका. दापोलीत सायकलिंग क्लब आहे, हिवाळ्यात इथे सायक्लोथॉन होते, बाहेरगावचे लोक हेच रस्ते चालवायला हौसेने येतात. त्यांच्या सायकली त्यांच्या अंगाला बसवलेल्या असतात. त्यांना चढ झेपतो आणि आमच्या मुलींना झेपत नाही, या फरकात सरावाइतकाच वाटा सेंटिमीटरचा आहे.

राहिला धर्माचा मुद्दा. जे शोभत नाही म्हणतात त्यांना मी एवढंच सांगेन की उंटावर बसणाऱ्या कुरैशच्या स्त्रियांची तारीफ करणारी हदीस सहीह बुखारीत आहे. बायकांनी सवारी करणं नवीन नाही. पण मला या वादात फार वेळ घालवायचा नाही, कारण हा वाद आपल्या सोयीचा झालाय. २०१२ मध्ये हैफा अल-मन्सूर यांचा ‘वजदा’ हा सौदी सिनेमा आला, सायकल हवी असणाऱ्या मुलीचा. जगभर त्याच्यावर बोलणं झालं ते परवानगीचं. परवानगी महत्त्वाची आहेच. पण आमच्या कितीतरी घरांत परवानगी केव्हाच मिळाली आहे. अब्बूंनी पैसे मोजले, दादीने नजर उतरवली. तिथे मुलगी थांबली ती हँडलच्या लांबीमुळे. बाहेरच्यांना ती मुसलमान म्हणून थांबली असं म्हणायला बरं वाटतं, आतल्यांना ती मुलगी म्हणून थांबली असं म्हणायला बरं वाटतं. दोघांनाही पाना हातात घ्यावा लागत नाही. तिच्या वर्गातली, शेजारच्या वाडीतली कुणबी मुलगीही त्याच महिन्यात, त्याच कारणाने थांबलेली असते. तिच्या वेळी मात्र धर्माची आठवण कुणाला येत नाही.

याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुलगेपणी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. अंगाकडे बघून माणसाची लायकी ठरवण्याचा प्रकार त्यांनी असा सोसला होता. पुढे १९१६ मध्ये त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं. त्यांच्या नावाचा अभिमान आपण सगळेच सांगतो. तो सांगणाऱ्या तालुक्यात एखाद्या मुलीची शाळा तिच्या हाताच्या लांबीवरून सुटू नये, एवढी अपेक्षा फार नाही.

मागण्या साध्या आहेत. सायकली वाटणाऱ्यांनी फोटोच्या आधी प्रत्येक मुलीला सीटवर बसवावं, आणि एका मापाच्या पन्नास घेण्याऐवजी दोन-तीन मापांत घ्याव्यात. दुकानदारांनी आखूड स्टेम ठेवावेत आणि नव्या सायकलीबरोबर बदलून द्यावेत. एक गिऱ्हाईक दोन वर्षं टिकलं तर त्यांचाच फायदा. सायकलिंग क्लबच्या मंडळींना माझी विनंती आहे की जून महिन्यात शाळा सुरू होताना एक रविवार पाने घेऊन आमच्या मोहल्ल्यात आणि वाड्यांत या, चहा आमचा. शाळांनी सायकल स्टँडवर एक ॲलन कीचा संच आणि एक पाना ठेवावा, आणि तो वापरायला मुलींना शिकवावं, शिपायाला नव्हे. भावांनी सायकल बहिणीला देताना सीट आणि हँडल तिच्या मापाने लावूनच द्यावी.

आणि आई-बापांनो, मुलगी ‘जमत नाही’ म्हणाली तर त्या दिवशी तिला समजावू नका, धीर देऊ नका, रागावूही नका. तिला सीटवर बसवा, सायकल धरा, आणि तिच्या कोपरांकडे बघा.